नाताळच्या आदल्या रात्री मुलांसाठी घरात काय करावं? (उत्तर जरा लांबलंय)

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरात चार आणि सात वर्षांची दोन मुलं, २४ डिसेंबरच्या रात्री दरवर्षी करता येईल असं काहीतरी सुरू करायचंय, पण आयडिया इतक्या दिसतात की काय घ्यावं नि काय सोडावं कळेना, त्यात मोठा सांतावर शंका घ्यायला लागलाय, आणि यंदा २४ ला स्वतःच्या घरी नाही तर आजीआजोबांकडे असणार. मी बरीच वर्षं शिशुवर्ग ते दुसरीच्या मुलांना शिकवतेय, वर्गात वेगवेगळ्या देशांतली कुटुंबं असतात, आणि डिसेंबरची पालकसभा आली की अभ्यासाचं राहतं बाजूला आणि हाच विषय निघतो. त्यामुळे जे ऐकलंय, पाहिलंय आणि जे खरंच टिकतं असं दिसलंय ते सांगते.

मला विचाराल तर या रात्रीचा सगळा खेळ वाट बघण्याचा आहे. मोठ्यांसाठी २४ तारीख म्हणजे स्वयंपाक, पॅकिंग, पाहुणे, कामं संपता संपत नाहीत. मुलाला मात्र त्या दिवशी दुसरं कामच नसतं, सकाळी डोळे उघडल्यापासून रात्र कधी होते एवढंच. आणि चार वर्षांच्या मुलाला "अजून पाच तास" म्हणजे काय हे कळतच नाही हो, त्याला "आंघोळ झाली की मोजे टांगायचे, मोजे टांगले की गोष्ट" हे कळतं. म्हणून जगात कुठेही बघा, मुलांसाठीच्या या रात्रीच्या ज्या प्रथा टिकल्यात त्या सगळ्या वाट बघणाऱ्या मुलाच्या हाताला काम देतात, आणि एक ठरलेली खूण देतात की हे झालं की ते होणार. ज्यात मूल नुसतं बघत बसतं आणि आईबाबा दमतात ती प्रथा दोन वर्षांत बंद पडते, भले फोटो कितीही छान आलेले असोत.

सगळ्यात आधी एक ठरवा, गिफ्ट कधी उघडायची? बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे, आणि लोक नेमकं हेच ठरवत नाहीत, मग एक पद्धत इथली आणि एक तिथली अशी जोडाजोड होऊन रात्री अकराला रडारड होते. जर्मनी, ऑस्ट्रिया, पोलंड, चेक, हंगेरी, स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, फिनलंड, आइसलँड इथे गिफ्ट २४ च्या संध्याकाळीच उघडतात. ब्रिटन, आयर्लंड, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात २५ च्या सकाळी. मेक्सिको आणि लॅटिन अमेरिकेतल्या बऱ्याच घरांत मध्यरात्री. नेदरलँड्समध्ये मुलांची मोठी संध्याकाळ ५ डिसेंबरलाच होऊन जाते, सेंट निकोलसच्या सणाच्या आदल्या दिवशी, आणि स्पेनमध्ये ती ५ जानेवारीला असते, गिफ्ट आणणारे तीन राजे येणार म्हणून मुलं बूट बाहेर ठेवतात आणि उंटांसाठी पाणी. म्हणजे "आदली रात्र" ही तारीख सुद्धा सगळीकडे एक नाही, तेव्हा २४ ला जमलं नाही तर आभाळ कोसळत नाही.

संध्याकाळी गिफ्ट उघडणाऱ्यांची पद्धत मला लहान मुलांसाठी जास्त सोपी वाटते, कारण वाट बघणं जेवणापर्यंतच असतं आणि मूल दमून शांत झोपतं. पण मग दिवसभर त्याला धरून ठेवायला काहीतरी हवं. जर्मन घरांत ट्री असलेल्या खोलीचं दार बंद असतं, आत मोठी माणसं काय करतायत ते दिसत नाही, आणि मग घंटी वाजते, दार उघडतं, ख्रिस्तकिंड, म्हणजे गिफ्ट आणणारं बाळ येशू, येऊन गेलेलं असतं. बस एवढंच, एक बंद दार आणि एक घंटी, पण मुलं त्या घंटीसाठी जीव टाकतात. चेक घरांतही येझिशेक, म्हणजे बाळ येशूच, गिफ्ट आणतो आणि घंटी वाजते, शिवाय तिथे मुलांना सांगतात की दिवसभर काही न खाता राहिलास तर संध्याकाळी सोन्याचं डुक्कर दिसेल. लहान मुलाला खरंच उपाशी ठेवू नका बरं का, पण "जेवणाआधी गोड नाही, नाहीतर डुक्कर दिसणार नाही" एवढ्यावर दुपार निघते, आणि मग भिंतीवर टॉर्चने एक पिवळा ठिपका पळवला की झालं. अक्रोडाच्या करवंटीत छोटी मेणबत्ती लावून पाण्यात सोडतात ते पण सुंदर दिसतं. मात्र त्याच संध्याकाळी सफरचंद आडवं कापून आत चांदणी दिसली तर तब्येत चांगली, नाहीतर आजारपण, असं वर्षाचं भविष्य बघतात, ते चार वर्षांच्या मुलासमोर करू नका, मुलं असलं मनात धरून बसतात आणि आठवडाभर रात्री उठून विचारतात.

पोलंडमधली पद्धत मला सगळ्यात आवडते. आकाशात पहिली चांदणी दिसल्याशिवाय जेवण सुरू होत नाही, आणि ती शोधायचं काम मुलांचं. त्यामुळे तिन्हीसांजेला सगळी पोरं खिडकीला नाक लावून उभी, घरातल्या बायकांना तेवढा अर्धा तास स्वयंपाकघर मोकळं मिळतं (हा शोध कुणी लावला ते माहीत नाही, पण तिला दहा-बारा मुलं असणार). टेबलक्लॉथखाली थोडं गवत ठेवतात, गव्हाणीची आठवण म्हणून, आणि एक ताट जास्तीचं मांडतात, कुणी अचानक आलं तर त्याच्यासाठी. गवत पसरणं आणि ते जास्तीचं ताट मांडणं ही दोन्ही कामं मुलांनाच द्या. ढगाळ असेल तर विमानाचा दिवा पण चालतो, वाद घालू नका.

स्वीडनमध्ये दुपारी ३ वाजता टीव्हीवर डोनाल्ड डकची तीच जुनी कार्टून्स लागतात, साठहून जास्त वर्षं झाली, अख्खा देश बसतो म्हणा ना. मग थोड्या वेळाने घरातला एखादा काका पेपर आणतो म्हणून बाहेर जातो आणि दारावर टकटक होते, लाल टोपीवाला टोम्टे, म्हणजे तिथला सांता, उभा, पहिला प्रश्न ठरलेला, इथे कुणी चांगली मुलं आहेत का? डेन्मार्कमध्ये गिफ्टांच्या आधी सगळे हात धरून ट्रीभोवती गाणी म्हणत फेर धरतात, म्हणजे गिफ्ट समोर दिसतायत पण आधी नाचायचं! आणि गोडात एक अख्खा बदाम लपवतात, ज्याला सापडेल त्याला छोटं बक्षीस. यातली गंमत अशी की बदाम सापडलेला माणूस तो गालात दडवून गप्प बसतो आणि बाकीचे पोट फुटेस्तोवर खात राहतात. मोठ्या मुलांसाठी एक नंबर, पण चार वर्षांच्या मुलासाठी अख्खा बदाम म्हणजे घशात अडकायचा धोका, त्याच्या वाटीत नकोच. बदामाऐवजी सगळ्यांच्या वाट्यांखाली चिठ्ठ्या चिकटवा आणि एकीवर खूण करा, खेळ तोच.

आणि स्पेनमधल्या कॅटलोनियाचा तिओ सांगितल्याशिवाय राहवत नाही. हा एक लाकडाचा ओंडका, पुढचे दोन पाय, रंगवलेला हसरा चेहरा, लाल टोपी. ८ डिसेंबरपासून मुलं त्याला रोज रात्री खायला घालतात, संत्र्याची साल, उरलेला ब्रेड, आणि थंडी वाजू नये म्हणून पांघरूण घालतात. मग नाताळच्या आदल्या रात्री किंवा नाताळच्या दिवशी काठ्यांनी त्याला बडवत गाणं म्हणतात, गाण्याचा अर्थ सरळ सरळ "शी कर रे ओंडक्या" असा आहे, आणि पांघरूण उचललं की खाली खाऊ! मध्ये मुलांना काहीतरी निमित्त काढून दुसऱ्या खोलीत पाठवतात, तेवढ्यात मोठे लोक खाऊ सरकवतात. पाच-सहा वर्षांच्या मुलांना शी हा विषय किती प्रिय असतो ते कुठल्याही शिक्षिकेला विचारा. पण विनोद सोडला तर बघा यात काय काय आहे: दोन आठवडे रोजचं छोटं काम, कुणाची तरी काळजी घेणं, आणि शेवटी मनसोक्त धुडगूस.

आइसलँडमध्ये तर सांता एक नाहीच, तेरा टवाळ भाऊ आहेत, १२ डिसेंबरपासून रोज रात्री एक येतो, मुलं खिडकीत बूट ठेवतात, सकाळी त्यात काहीतरी छोटं, आणि दिवस वाईट गेला असेल तर बटाटा. शेवटचा भाऊ मेणबत्त्या पळवणारा, तो २४ ला येतो. संध्याकाळी ६ ला रेडिओवर चर्चच्या घंटा वाजल्या की सण सुरू, मग जेवण, गिफ्ट, आणि गिफ्टमध्ये पुस्तक हमखास. दुसऱ्या महायुद्धात तिथे बाहेरून येणाऱ्या बऱ्याच वस्तूंवर बंधनं होती, कागद मात्र मिळायचा, त्यामुळे पुस्तकं देण्याची ही रीत घट्ट झाली म्हणतात. रात्री पुस्तक घेऊन अंथरुणात शिरायचं. मुलांना झोपवायचा याच्याहून चांगला उपाय मला तरी माहीत नाही, बॅटरी नाही, आवाज नाही, पार्ट जोडायचे नाहीत.

आता सकाळी गिफ्ट उघडणारी घरं. तुमची मुलं सांता, मोजे वगैरे बोलतायत म्हणजे तुम्ही यातच येता असं धरते. इथे अडचण वेगळी, वाट बघणं रात्रभर ताणलेलं असतं आणि मधे झोप लागायला हवी. मोज्यांची कथा सेंट निकोलसची, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचा बिशप, गरीब बापाच्या तीन मुलींच्या लग्नासाठी त्याने रात्री गुपचूप सोनं टाकलं आणि ते वाळत घातलेल्या मोज्यात पडलं अशी दंतकथा आहे. मुलांना ही गोष्ट जरूर सांगा, कारण यात देणारा लपून देतो. पुढे मोठ्याच्या शंकेच्या वेळी ती उपयोगी पडेल.

मोजे टांगायची जागा हा खरा महत्त्वाचा मुद्दा आहे, हसू नका. ब्रिटनमधल्या बऱ्याच घरांत मोजा मुलाच्या पलंगाच्या पायथ्याशी असतो, याचा फायदा असा की पहाटे पाचला मूल उठलं तर मोज्यातल्या छोट्या वस्तू घेऊन अंथरुणातच रमतं आणि तुम्हाला अजून तासभर झोप. हॉलमध्ये टांगला तर मूल हॉलमध्ये जाणार, तिथे ट्री, तिथे मोठी खोकी, आणि सगळं घर जागं. पण काही मुलांना "रात्री कुणीतरी माझ्या खोलीत येणार" याची भीती वाटते, बोलून दाखवत नाहीत, नुसती झोपत नाहीत. अशा मुलाचा मोजा बिनधास्त दाराबाहेर टांगा आणि सांगा की सांता खोलीत येत नाही, दारापर्यंतच.

सांतासाठी ताट ठेवणं, अमेरिकेत बिस्किटं नि दूध, ब्रिटनमध्ये मिन्स पाय (सुक्या मेव्याचं सारण भरलेला गोड पदार्थ) आणि काहीतरी प्यायला, रेनडिअरसाठी गाजर, हे लहान मुलांना फार भावतं, कारण रोज त्यांना घ्यायचंच असतं, इथे ती देतात. ताट मुलानेच मांडायचं, सांडलं तरी. घरात कुत्रा असेल तर ताट उंचावर ठेवा, चॉकलेट आणि बेदाणे दोन्ही कुत्र्याला विषारी आहेत आणि मिन्स पायमध्ये बेदाणे असतातच. रेनडिअरसाठी अंगणात टाकायचा "जादूचा चारा" करतात त्यात चमकी घालू नका, पक्षी खातात, मातीत जाते, आणि प्लास्टिकच्या सुट्या चमकीवर युरोपियन युनियनने २०२३ मध्ये बंदीच आणली. नुसते ओट्स पुरे. गाजर अर्धं खाल्लेलं दिसायला हवं हे विसरू नका, आणि सालकाढणीने सोलून ठेवू नका, दातांच्या खुणा हव्यात, सात वर्षांचं पोर बारीक बघतं.

रात्रीच्या गोष्टीसाठी इंग्रजीतली 'अ व्हिजिट फ्रॉम सेंट निकोलस' ही प्रसिद्ध कविता बऱ्याच घरांत वाचतात, १८२३ च्या २३ डिसेंबरला अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या पेपरात निनावी छापली गेली होती, सांताची घसरगाडी नि आठ रेनडिअरांची नावं तिच्यातूनच लोकांच्या तोंडी बसली. पण काय वाचता याला फार महत्त्व नाही, दरवर्षी तेच वाचायचं आणि फक्त त्याच रात्री वाचायचं, एवढं पाळा. पुस्तक बाकी वर्षभर खोक्यात. चौथ्या-पाचव्या वर्षी मूल स्वतः ओळी म्हणायला लागतं आणि तुम्ही एक पान गाळलं की पकडतं.

सांता आत्ता कुठे पोचला हे बघायचा खेळ १९५५ पासून चालू आहे. कोलोरॅडो स्प्रिंग्जमधल्या अमेरिकन हवाई संरक्षणाच्या ऑफिसात एका जाहिरातीच्या गोंधळातून मुलाचा सांतासाठी फोन आला आणि ड्युटीवरच्या कर्नल हॅरी शूप यांनी तो निभावून नेला, पुढे नोराडने (अमेरिका आणि कॅनडाची एकत्र हवाई संरक्षण संस्था) ते काम दरवर्षी चालवलं, अजून २४ ला स्वयंसेवक फोन घेतात. त्यांचं एक वाक्य मी पालकांना नेहमी सांगते, मुलं झोपली असतील तरच सांता त्या घरी येतो. हे सैन्याकडून आलंय म्हटल्यावर मुलं ऐकतात. नकाशा दुपारी दाखवा, न्यूझीलंडला पोचला, जपानला पोचला, मुलांचा भूगोल पण होतो, पण झोपायच्या तासभर आधी स्क्रीन बंद, नाहीतर दर दोन मिनिटांनी "आता कुठे?"

आणि अलीकडे जो ख्रिसमस ईव्ह बॉक्स निघालाय, नवा पायजमा, पुस्तक, कोको वगैरे, तो वाईट नाही पण त्यात खेळणं घालू नका. खेळणं आलं की ती आणखी एक गिफ्ट झाली आणि मग वर्षागणिक बॉक्स फुगत जातो. पायजमा नि पुस्तक, तेही जेवणाआधी द्या, म्हणजे मूल लगेच कपडे बदलतं आणि अर्धं झोपायला तयार होतं. नवा पायजमा आधी एकदा धुवा, टोचतो म्हणून रात्री साडेनऊला काढून फेकणारी मुलं असतात. डिसेंबरभर रोज जागा बदलणाऱ्या एल्फ बाहुलीबद्दल पण विचारतात लोक. माझं स्पष्ट मत, सुरू केली नसेल तर करू नका, ती मुलांची प्रथा नाही, पालकांचा गृहपाठ आहे.

धर्म पाळणाऱ्या घरांसाठी अजून एक, आणि यात खर्च शून्य. गोठ्याचा देखावा आधीपासून मांडलेला असतो पण गव्हाणीतली जागा रिकामी ठेवायची, बाळ येशू फक्त २४ च्या रात्री ठेवायचा आणि तो सगळ्यात लहान मुलाने ठेवायचा. आयर्लंडमध्ये खिडकीतली मेणबत्ती घरातलं सगळ्यात धाकटं मूल लावतं, तसंच. मोठ्याला काम हवं तर त्याने मेंढपाळ आणि प्राणी रोज थोडे थोडे पुढे सरकवायचे. मध्यरात्रीच्या मिस्सेला चार वर्षांच्या मुलाला नेऊन तुम्हालाही ऐकू येत नाही आणि मागच्या बाकावाल्यांनाही. दुपारची किंवा संध्याकाळची मुलांची उपासना असेल तर तिथे जा, ब्रिटनमधल्या चर्चमध्ये ख्रिस्टिंगल असतं, संत्र्याला लाल रिबीन, वर मेणबत्ती, ही रीत जर्मनीतल्या मोरावियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळींनी १७४७ मध्ये काढली आणि ब्रिटनमध्ये १९६८ नंतर पसरली, मुलाच्या हातात काहीतरी असतं म्हणून ती शांत बसतात. घरी थांबलेल्यांसाठी केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजची कॅरल सर्व्हिस, म्हणजे नाताळच्या गाण्यांची उपासना, रेडिओवर असते, ही उपासना १९१८ पासून चालू आहे, पहिल्या गाण्याचं पहिलं कडवं एकटा मुलगा म्हणतो आणि कोण म्हणणार ते अगदी शेवटच्या क्षणी ठरतं. हे मुलांना आधी सांगितलं की ती पहिली दोन मिनिटं श्वास रोखून ऐकतात, नंतर नाही ऐकत, ठीक आहे.

मेणबत्त्यांवरून आठवलं, खरी मेणबत्ती मोठ्या माणसाच्या नजरेसमोरच, आणि त्याऐवजी ज्या बॅटरीवाल्या आणता त्यांचं झाकण स्क्रूचं आहे ना ते बघा. ती बटणासारखी चपटी बॅटरी मुलाने गिळली तर दोन तासांतही अन्ननलिका गंभीर भाजू शकते. गिळल्याचा नुसता संशय आला तरी लगेच हॉस्पिटल, रात्र कुठलीही असो.

झोपेचं गणित. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला १० ते १३ तास लागते, सहाच्या पुढे ९ ते १२ तास. २४ ला थोडी कमी झाली तर बिघडत नाही पण चारची मुलगी किंवा मुलगा रात्री अकराला झोपून पाचला उठला की २५ ला दुपारी काय होतं ते सगळ्या पाहुण्यांना दिसतं. म्हणून मी सांगते संध्याकाळ अर्धा-पाऊण तास पुढे ओढा. दुपारी बाहेर पळवा, थंडी असो नाहीतर काही, दमू द्या. जेवण लवकर आणि मुलांच्या ओळखीचं, मोठी मेजवानी उद्या आहेच. मग आंघोळ, पायजमा, ताट मांडणं, मोजा टांगणं, पुस्तक, दिवा. पाच-सहा पायऱ्या, दरवर्षी याच क्रमाने. तुमचं पॅकिंग, खेळण्यांची जोडाजोड, बॅटऱ्या हे सगळं २२ पर्यंत उरका, रात्री एकला कातरी नि चिकटपट्टी शोधणारे आईबाबा सकाळी चिडचिडे असतात. आणि उठायची वेळ आधीच ठरवा, घड्याळ वाचता येत नसेल तर टायमरवाला दिवा लावा, दिवा लागला की उठायचं.

सुरुवातीला यातल्या दोनच गोष्टी घ्या. खरंच दोनच. पुढच्या वर्षी मुलं स्वतः म्हणतात "आपण ते करतो ना", ते ज्याबद्दल म्हणतील ती तुमची प्रथा, ज्याची त्यांना आठवणही नाही ती सोडून द्या. भरपूर ठरवून ठेवलं की मग एखादं राहिलं म्हणून मूल रडतं आणि तुम्हाला अपराधी वाटतं.

आता मोठ्याची शंका. सात वर्षं हे तिचं वयच आहे. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात सांतावरचा विश्वास सुटलेल्या मुलांना विचारलं होतं, बहुतेकांना साधारण सातव्या वर्षाच्या आसपास स्वतःहूनच कळलं होतं आणि त्यांना मुख्यतः बरंच वाटलं होतं, वाईट वाटलं ते पालकांना! माझ्या वर्गात पण हेच दिसतं. तर आधी उलट विचारा, "तुला काय वाटतं?" काही मुलांना अजून उत्तर नको असतं, नुसतं बोलायचं असतं, ती स्वतःच काहीतरी स्पष्टीकरण जोडून खेळायला जातात. पण तो डोळ्यांत बघून सरळ विचारत असेल, दुसऱ्यांदा तिसऱ्यांदा, तर खोटे पुरावे उभे करत बसू नका, राखेतले बुटांचे ठसे नि काय काय. खरं सांगा, सेंट निकोलसची गोष्ट आठवून द्या, लपून देणारा माणूस, आणि सांगा की आता तू देणाऱ्यांच्या बाजूला आलास. मग त्या रात्री त्याला खरं काम द्या, धाकट्याचा मोजा भरणं, गाजर चावणं (हे काम मुलांना भयंकर आवडतं), सांताची चिठ्ठी लिहिणं, तुमचं अक्षर तो ओळखतो पण धाकटं त्याचं ओळखणार नाही. फक्त दोन गोष्टी सांभाळा. एक, "धाकट्याला सांगितलंस तर बघ" अशी धमकी नको, चुकून बोलून गेला तर तुम्ही सावरून घ्या. दोन, त्याचाही मोजा भरलेला हवा आणि त्यात काय आहे हे त्याला माहीत नको. कळलं म्हणून गंमत काढून घेतली असं व्हायला नको.

शिक्षिका म्हणून एक विनंती, सांताच्या नावाने छोटी गिफ्ट द्या, महागडी असेल ती आईबाबांच्या नावाने. जानेवारीत वर्गात मुलं एकमेकांना सांगतात आणि मग एखादं मूल विचारतं, त्याला सांताने सायकल दिली मला रंगपेटी, मी जास्त वाईट वागलो का? याचं उत्तर देणं मला जड जातं. आणि "सांता बघतोय" ही धमकी निदान २४ ला तरी नको, गिफ्ट परत जाणार नाहीत हे तुम्हालाही माहितीये आणि दुसऱ्या वर्षापासून मुलालाही.

आईबाबा वेगळे राहत असतील तर रात्र कापून वाटू नका, मूल गाडीत बसून रडतं. एका घरी २४, दुसऱ्या घरी दुसरी कुठलीही रात्र, पूर्ण क्रमासकट, मोजा त्या घरचा वेगळा. नर्सिंग, पोलीस अशा ड्युट्या असलेल्या घरांनाही हेच, २३ ला करा, लहान मुलाला तारीख कळत नाही. ऑटिझम असलेल्या किंवा अचानक गोष्टी न झेपणाऱ्या मुलासाठी संध्याकाळचा क्रम चित्रांच्या पट्टीवर आधीच दाखवा, गिफ्ट पॅक न करता ठेवल्या तरी चालतात, आणि दाढीवाला सांता घरी बोलवायचा असेल तर आधी विचारा, बऱ्याच मुलांना तो भीतीदायक वाटतो, ऑटिझम नसलेल्यांना सुद्धा.

राहिलं आजीआजोबांचं घर. एक पिशवी करा, त्यात दोघांचे मोजे, तेच पुस्तक, पायजमे, रात्रीचा छोटा दिवा, ताटासाठी रोजची बशी. सांताला पत्ता बदलल्याची चिठ्ठी मुलांकडूनच लिहून घ्या, निदान आठवडाभर आधी, कारण "आपण तिथे आहोत हे त्याला कसं कळणार" हा प्रश्न धाकटं विचारणारच, आणि तो नेमका २४ च्या रात्री अंथरुणात विचारतं. आजीआजोबांना क्रम फोनवर आधी सांगून ठेवा, विशेषतः जेवणाची वेळ, आणि त्यांच्या लहानपणीची त्या रात्रीची एखादी गोष्ट पुस्तकाच्या आधी सांगायला लावा, ते खूष, मुलं खूष. गिफ्ट गाडीत मुलांसोबत नेणार असाल तर साध्या बॅगेत, कपड्यांखाली. आणि तिथे वापरलेला पॅकिंगचा कागद आजीच्या कपाटात उरलेला दिसणार नाही एवढं बघा, सात वर्षांचा आधी तिथेच शोधेल.